स्वस्तातल्या हत्यारांनी चामड्यावर नक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून चामड्यावर नक्षी ठोकतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, ही निव्वळ हौस. कमरेचे पट्टे, किल्ल्यांच्या पट्ट्या, वह्यांची कव्हरं, एकदा भाच्यासाठी गिटारचा पट्टा. माझे निम्म्याहून जास्त ठसे (हातोडीने ठोकून चामड्यावर नक्षी उमटवायच्या धातूच्या काड्या) आजही त्या पहिल्या वीस नगांच्या चकचकीत संचातलेच आहेत. काम बघून लोक आधी विचारतात, "हत्यारं कुठली वापरता?" आणि उत्तर ऐकून थोडे हिरमुसतात. त्यांनी नंतर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कोरीवकाम म्हणजे चामडं खरवडून काढायचं का?

नाही. लाकूड कोरताना ढलप्या निघतात, इथे काहीच निघत नाही. ओलसर चामड्यावर चाकूने रेघेवर अर्धवट काप द्यायचा आणि कापाची एक बाजू ठशाने ठोकून खाली दाबायची. खाली गेलेल्या बाजूमुळे दुसरी बाजू वर आल्यासारखी दिसते. चामडं वाळलं की दबलेले तंतू तसेच राहतात. म्हणून मला 'उठावाचं काम' हा शब्द जास्त बरोबर वाटतो, पण सगळे 'कार्व्हिंग' म्हणतात तर असो.

ही पद्धत अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खोगीरवाल्यांची. तिच्यातला सर्वांत देखणा प्रकार शेरिडन नावाने ओळखला जातो. वायोमिंग राज्यात शेरिडन गाव आहे, तिथल्या डॉन किंग या खोगीर कारागिराने ही शैली रुजवली. लहान लहान फुलं आणि त्यांच्याभोवती गोल गोल वळसे घेत जाणारे वेल, एकमेकांत अगदी दाटीने बसवलेले. शांतिनिकेतनच्या बटव्यांवर दिसतं ते वेगळं काम आहे. तिथे चामडं पातळ असतं, नक्षी दाबून उठवलेली आणि रंगवलेली असते.

स्वस्त संचाने चांगलं काम होतं का, खरं सांगा.

होतं. पण डबा उघडला आणि ठोकायला बसलो, असं होत नाही. महाग हत्यार घेताना आपण पैसे कशाचे देतो? कुणीतरी त्याची कड घासून, पॉलिश करून, एकसारखी करून ठेवलेली असते त्याचे. स्वस्त हत्यारात ती मेहनत आपल्या वाट्याला येते. दोन-तीन संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन बसायची तयारी असेल तर फरक बराच मिटतो.

चामड्याच्या बाबतीत मात्र स्वस्ताई चालत नाही. माझा हिशेब असा: खिशात शंभर रुपये असतील तर साठ चामड्यावर, पंधरा चाकूवर, पंधरा ठशांवर आणि उरलेले दहा पॉलिश पेपर, स्पंज वगैरे किरकोळ गोष्टींवर. नवे लोक नेमकं उलटं करतात. मीही केलं होतं. पहिल्या महिन्यात माझ्याकडे वीस ठसे होते आणि ठोकायला एका जुन्या पर्सचं चामडं. ते काही केल्या उठेना. आठवडाभर मी ठशांना शिव्या घातल्या. दोष पर्सच्या चामड्याचा होता.

मग चामडं कुठलं हवं?

झाडाच्या साली-फळांमध्ये कमावलेलं. बाजारात 'व्हेज टॅन' म्हणून मागायचं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडं कमावण्याची पद्धत जुनी आहे, कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यातलंच. असं चामडं पाणी पितं, मऊ होतं, दाबलं की दबलेलं राहतं.

बॅगा, जॅकेटं, सोफे, बहुतेक पाकिटं यांचं चामडं क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं असतं. ते मऊ, लवचिक आणि टिकाऊ असतं, पण ठसा मारला की थोड्या वेळात रबरासारखं पुन्हा वर येतं. कितीही भारी हत्यार आणा, त्यावर नक्षी टिकत नाही. रेक्झिन आणि 'पीयू लेदर'चा तर प्रश्नच नाही.

धारावीत किंवा इतर चामडे बाजारात गेलात तर दुकानात बहुतांश माल क्रोमचा असतो. "नक्षी ठोकायला पाहिजे" एवढं सांगून भागत नाही, कारण दुकानदार मशीनवर छापलेल्या नक्षीचं चामडंही उत्साहाने दाखवतो. न रंगवलेलं, फिकट बदामी, कोऱ्या कागदासारखं दिसणारं चामडं मागा. बुटाच्या तळव्याचं चामडं व्हेज टॅन असलं तरी रोलरखाली दाबून कडक केलेलं असतं. त्यावर नवशिक्याने जाऊ नये, मनगट दुखतं आणि उठाव येत नाही.

अख्खं कातडं लगेच घेऊ नका. खांद्याकडचा किंवा पाठीचा तुकडा मागा. पोटाकडचं स्वस्त मिळतं, पण ते सैल असतं, ताणतं, आणि शेजारीशेजारी मारलेले दोन ठसे सारखे उमटत नाहीत. सरावाला चालेल, पट्ट्याला नाही.

दुकानात उभं असताना व्हेज टॅन कसं ओळखायचं?

कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्यात मध्ये बहुधा निळसर-करडी छटा दिसते, व्हेज टॅन आरपार तपकिरी असतं. पण आरपार रंगवलेल्या मालात ही खूण फसवते. मग बोट ओलं करून न रंगवलेल्या बाजूवर टेकवा. व्हेज टॅनवर पटकन गडद डाग पडतो. त्या ओल्या जागी नखाने दाबा, खूण राहिली तर घ्या.

तुकडा जाळून बघायचा सल्लाही ऐकायला मिळतो. घरात असले प्रयोग करू नका, क्रोमच्या चामड्याचा धूर छातीत घेण्याच्या लायकीचा नसतो.

जाडी किती घ्यावी?

शिकताना 3 ते 3.5 मिलिमीटर. परदेशी व्हिडिओंमध्ये औंसांत सांगतात, तिथे 1 औंस म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटर धरा. 8-9 औंस म्हणजे आपलं 3.2 ते 3.6. दोन मिलिमीटरच्या खाली काप आणि उठाव दोन्हींना जागाच उरत नाही.

चामडं किती ओलं करायचं? माझे ठसे कधी चिखलात मारल्यासारखे, कधी दगडावर मारल्यासारखे येतात.

या सगळ्या पानातला एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा. चांगल्या आणि वाईट कामातला फरक निम्म्याहून जास्त पाण्यात असतो. हत्यारावर ढकललेले बहुतेक दोष इथलेच निघतात.

फार ओलं असेल तर ठसा खोल जातो, पण कडा गोल, पसरट होतात आणि वाळता वाळता उठाव बसून जातो. शिवाय रंग येत नाही. हा रंग म्हणजे काय? बरोबर ओलाव्याला ठसा मारला की ठोकलेल्या जागी चामडं आपोआप गडद, किंचित चकचकीत तपकिरी होतं. ती सावली दिसली की समजायचं, वेळ साधली. फार कोरडं असेल तर चाकू अडखळतो, ठसा वरवर उमटतो आणि जोर लावला तर वरचा थर फाटतो.

माझी रीत अशी. रात्री स्पंज साध्या पाण्यात बुडवून, पिळून, चामड्याच्या दोन्ही बाजूंवर सारखा फिरवतो. थेंब टाकत बसलो तर ठिपके पडतात, म्हणून हात थांबवायचा नाही. सगळीकडे गडद रंग आला की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद. रात्रभरात पाणी आतपर्यंत सारखं मुरतं. सकाळी काढून तसंच उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. वरचा रंग पुन्हा जवळजवळ मूळ बदामीवर आला, पण गालाला लावलं तर गार लागतंय, ती सुरुवात करायची वेळ. मोड आणायला बांधलेल्या मटकीचा फडका दुसऱ्या दिवशी हाताला कसा लागतो, तसा स्पर्श हवा. पाणी दिसत नाही, पण आत आहे.

इतका धीर नसेल तर तासभर आधी भिजवूनही काम होतं. फक्त ओलावा वरच राहतो आणि पटकन उडतो.

हवामानाचा हिशेब आपला आपण बांधायचा. पुण्यात एप्रिलमध्ये पंख्याखाली बसलं तर अर्ध्या तासात कड कोरडी पडते. तेच चामडं जुलैत संध्याकाळभर हललं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओमध्ये 'वीस मिनिटं थांबा' म्हणतात म्हणून घड्याळ लावू नका. मध्ये कोरडं पडलं तर फक्त त्या जागी थेंब न टाकता पूर्ण तुकड्यावरून ओलसर स्पंज हलका फिरवा. काम अर्धवट राहिलं तर पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकतं. पिशवीवर नाव लिहा. आमच्याकडे एकदा ते पनीर समजून बाहेर काढलं गेलं होतं.

ओल्या चामड्यावर काळे डाग पडले, ते कशाने?

लोखंडाने. झाडाच्या सालीतलं टॅनिन आणि लोह एकत्र आले, त्यात पाणी असलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई आपल्याकडे करत असत, तीच ही क्रिया. म्हणून ज्या टेबलावर लोखंड कानसलं त्यावर चामडं ठेवू नका, लोखंडी डब्यात भिजवू नका, आणि बोअरचं पाणी लालसर येत असेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. ताजा डाग लिंबाच्या रसाच्या बोळ्याने बराच फिका पडतो. नंतर ती जागा पाण्याने दोनदा पुसा, आंबटपणा आत राहू देऊ नका.

संचातला चाकू ओढताना अडकतो. हात वाईट आहे की चाकू?

आधी चाकू. या फिरत्या चाकूला स्विव्हल नाइफ म्हणतात. वरच्या खाचेत तर्जनी टेकते, अंगठा आणि मधल्या बोटांनी दांडा फिरतो. संचातल्या पात्याला धार म्हणून जे असतं ते कारखान्यातून घाईत बाहेर पडलेलं असतं. धारेवरच्या बारीक रेघा चामड्याला धरून ठेवतात, म्हणून ओढ लागते. चामडं कापणाऱ्या पात्याला वस्तऱ्याच्या धारेइतकीच गरज गुळगुळीतपणाची असते.

काचेच्या तुकड्यावर पाण्याने पॉलिश पेपर चिकटवा: आधी 400, मग 800, 1500, 2000 (आकडा मोठा तितका पेपर बारीक). गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात हे सगळे मिळतात. पात्याच्या दोन्ही उतारांवर मार्करने काळं फासा. आता धार मागे ठेवून, म्हणजे धारेच्या उलट दिशेने, हलक्या हाताने ओढा. काळं कुठे गेलं ते बघा. फक्त टोकाकडे गेलं तर कोन चुकतोय, सगळीकडून सारखं गेलं तर बरोबर आहे. कारखान्याचा कोन बदलायला जाऊ नका, आहे तोच सारखा करा. दोन्ही बाजूंना सारखेच फेर. 2000 च्या पेपरावरून काढल्यावर पात्यात ट्यूबलाइट दिसायला हवी.

त्यानंतर कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा सपाट लाकडावर चिकटवून त्यावर हिरवा पॉलिशिंग साबण घासा. सोनारांच्या सामानाच्या दुकानात तो वडीच्या रूपात मिळतो. काम करताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पातं त्यावर आठ-दहा वेळा ओढायचं. हे टाळून कुणाचंही भागत नाही, महागड्या चाकूवाल्याचंही नाही.

आता हाताविषयी. पातं पुढच्या टोकावर झुकलेलं असू दे, पण डावीकडे-उजवीकडे कलू देऊ नका, नाहीतर काप तिरका जाऊन एका बाजूचं चामडं खालून पोखरलं जातं. चाकू आपल्याकडे ओढायचा. करंगळी चामड्यावर टेकवली की हात स्थिर राहतो. काप जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. वळणावर हात वाकडा करण्यापेक्षा चामडंच फिरवा. दांडा खडखडत असेल तर मधल्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, आणि जास्तीचं पुसून टाका, ते चामड्यावर पडायला नको.

संचात वीस ठसे आहेत. लागतात किती?

सात. त्यातही बेव्हलर एकटा निम्मं काम करतो.

ठशांच्या दांड्यावर इंग्रजी अक्षर आणि आकडा कोरलेला असतो. ही एका अमेरिकी कंपनीची जुनी पद्धत, स्वस्त संचांनी ती उचलली आहे. बी म्हणजे बेव्हलर, उतार देणारा. पी म्हणजे पेअर शेडर, पाकळीत अंगठ्याने दाबल्यासारखा खोलगट भाग करणारा. सी म्हणजे कॅमोफ्लाज, कमानीसारखा, देठांवर आणि पाकळ्यांच्या कडांवर मारायचा. व्ही पानांच्या शिरांसाठी. एस म्हणजे फुलाच्या मध्यातला दाणा. ए म्हणजे मागची जमीन भरणारा. पैठणीच्या बुट्टीमागे असते त्या अर्थाने जमीन. यात बेव्हलर दोन घ्या, एक रुंद आणि एक अरुंद, म्हणजे सात झाले. बाकीचे चांदण्या, बदाम आणि घोड्याचे नाल डब्यात राहू द्या.

क्रमही साधारण ठरलेला आहे: चाकूचे काप, मग कॅमोफ्लाज, मग पेअर शेडर, मग बेव्हलर, मग शिरा, दाणे, जमीन, आणि सर्वांत शेवटी चाकूचेच सजावटीचे बारीक काप.

ठसे सुधारायचे कसे?

कोरड्या तुकड्यावर काही कळणार नाही, भिजवलेल्या तुकड्यावर प्रत्येक ठसा एकदा मारा आणि उन्हात तिरपा धरून भिंगातून बघा. ओतकामाची शिवण, फोडी, मुलाम्याचे गोळे सगळं उमटलेलं दिसेल. बेव्हलरची पुढची कड बऱ्याचदा इतकी धारदार असते की ती चामडं दाबायच्या ऐवजी कापतेच. 800 च्या पेपरावर ती कड किंचित गोल करा, मग 1500, 2000 आणि हिरवा साबण. बाजूचे कोपरेही मोडा. बेव्हलरच्या खुणा पायऱ्यांसारख्या दिसतात त्याचं एक कारण हे कोपरे असतात.

फार घासलं तर मुलामा जाऊन आतला धातू उघडा पडतो. पडू दे. वापरून झाल्यावर पुसून कोरडा ठेवला की झालं. जाळीदार तोंडाच्या ठशांना मात्र पेपर लावू नका, जुन्या टूथब्रशने साबण घासा आणि सोडून द्या.

बेव्हलर नीट घासला, तरी पायऱ्या दिसतात.

मग चाल चुकतेय. एक ठोका, उचल, पुढे, एक ठोका असं करत असाल. ठसा चामड्याला जेमतेम टेकलेला ठेवून, हळूहळू सरकवत, लहान लहान ठोके सतत द्यायचे. प्रत्येक ठोका आधीच्या ठशावर अर्ध्याहून जास्त चढला पाहिजे. मी शिकताना रिकाम्या तुकड्यावर चाकूच्या सरळ रेघा मारून फक्त हेच करत बसलो होतो, दोन रविवार. कंटाळवाणं आहे. त्याला वळसा मला तरी सापडला नाही.

हातोडी कुठली?

लोखंडी नको, ठशांची डोकी फुलतात. हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची हातोडी किंवा लाकडी मोगरी चालते.

ठोकायचं कशावर? आणि खालच्या मजल्यावरच्यांचं काय?

खाली जड, सपाट दगड हवा. लाकडी पाटावर ठोकलं तर निम्मा ठोका पाटच खातो, आणि मग आपण जोर वाढवतो.

दगडवाल्याच्या यार्डात स्वयंपाकघराच्या ओट्यातून सिंकच्या जागी कापून काढलेले ग्रॅनाइटचे तुकडे पडलेले असतात. पॉलिश केलेला एक फूट बाय एक फुटाचा, 20 मिलिमीटर जाडीचा तुकडा जवळजवळ 5 किलोचा भरतो. दोन तुकडे फेव्हिबॉण्डने एकमेकांना चिकटवले की 10 किलोचा घट्ट ठोकळा तयार. कडप्पाही मिळतो आणि स्वस्त असतो, पण तो चुनखडीचा दगड, थराथराचा. कडेला ठोके बसून त्याच्या खपल्या निघतात. घरात पडलेला असेल तर सुरुवात करा, विकत मात्र ग्रॅनाइट घ्या.

दगडाखाली जुनी योगा मॅट दुमडून घाला. टेबलाच्या मधोमध ठेवू नका, पायाच्या बरोबर वर ठेवा. मधोमध ठेवलं की टेबल ढोलासारखं वाजतं. तरीही आवाज होतोच. आमच्या खालच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारलं, "रोज संध्याकाळी कसला मसाला कुटता?" त्यांना चष्म्याचं घर करून दिलं. आता त्या विचारत नाहीत.

देवनागरी अक्षरं कशी करायची? बाजारात सगळे ठसे इंग्रजी.

आणि मराठीत आले तरी उपयोग होणार नाही. सुटे ठसे मारून 'श्री' किंवा 'ज्ञानेश्वर' जुळवायचं म्हणजे शिरोरेषा दर अक्षराला तुटणार. देवनागरी चाकूनेच कापायची, आणि खरं तर त्यातच मजा आहे.

जाड वळणाचा फाँट निवडा आणि अक्षरांची फक्त बाह्यरेषा छापा. अक्षराची उंची पहिल्यांदा तरी 25 मिलिमीटरच्या खाली नको. काना 4 मिलिमीटर रुंद असला तर बेव्हलरला दोन्ही बाजूंनी जागा मिळते. छापील कागद ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या, ओलसर चामड्यावर ठेवा आणि शाई संपलेल्या रिफिलने रेघांवरून फिरवा. उलटं करायची गरज नाही. शाई मात्र खरोखर संपलेली असावी.

शिरोरेषेच्या दोन लांब सरळ रेघा सर्वांत अवघड. पट्टीला लावून चाकू चालवला तर पातं पट्टीवर चढतं किंवा दांडा अडतो. त्यापेक्षा पट्टी धरून रिफिलने खोलगट रेघ ओढून घ्या, पट्टी बाजूला ठेवा, चामडं असं फिरवा की रेघ तुमच्या पोटाकडे येईल, आणि एका दमात ओढा. मध्ये थांबलात की तिथे गाठ दिसते.

दुसरा नियम सगळ्या कार्व्हिंगचा, पण देवनागरीत पावलोपावली लागतो: काप एकमेकांना छेदू द्यायचे नाहीत. कान्याची रेघ शिरोरेषेला मिळते तिथे अर्धा मिलिमीटर आधी चाकू उचला. छेदले तर तो कोपरा बेव्हल करताना उचकटतो. सोडलेली फट उतार देताना आपोआप मिटलेली दिसते. 'म' आणि 'भ' यांच्या गाठी, 'क्ष' चा पोटातला भाग, 'थ' चं वरचं वळण इथे रुंद बेव्हलर शिरतच नाही, तिथे अरुंद लागतो. अक्षराबाहेरून उतार दिला तर अक्षर वर येतं, आतून दिला तर खाली जातं. बाहेरून द्या, वाचायला सोपं. आणि अनुस्वारासाठी काहीच करायचं नाही, संचातला दाण्याचा ठसा उचलायचा आणि एक ठोका.

पहिलं डिझाइन कोणतं घ्यावं?

कोयरी. शेरिडनचं फूल बघून मोह होतो, पण त्यात पन्नास वळणं असतात. कोयरीत एकच लांब वळण आहे. सुरुवातीला खोल, शेपटीकडे उथळ होत होत विरून जाणारं. हा विरत जाणारा काप जमला की पुढे सगळ्या पाकळ्या आणि पानं त्याचीच भावंडं. आत दाणे भरा, बाहेर जमीन ठोका. दहा कोयऱ्या झाल्या की मग वेल.

घरी ठसे बनवता येतात का?

येतात, आणि माझे लाडके दोन ठसे घरचेच आहेत. सहा इंची खिळ्याचं टोक कापून टाका, डोकं आधी सपाट कानसून घ्या आणि मग बारीक कानशीने हवा तो आकार द्या. आडव्या-उभ्या रेघा पाडल्या की जमिनीचा ठसा झाला. शेवटी पॉलिश. फक्त खिळा लोखंडाचा आहे आणि चामडं ओलं, हे विसरू नका. दर थोड्या वेळाने ठसा कोरडा पुसायचा, काम झालं की उचलून ठेवायचा. स्टेनलेस बोल्टचं डोकं कानसलं तर ही भीतीच नाही, पण ते कानसताना घाम निघतो. रिफिलप्रमाणेच विणायची सुई, जुन्या चमच्याचा दांडा हेही आकार गोल करायला आणि चुकार खुणा मिटवायला उपयोगी पडतात.

काम झाल्यावर तुकडा लांब झाला, अक्षरं पसरली.

ठोकताना चामडं बाजूला सरकतं. आधी मागच्या बाजूला खाकी पॅकिंग टेप आडवी-उभी चिकटवा, म्हणजे ताण धरून राहील. मागची बाजू भिजवून, वरचा ओलावा गेल्यावर टेप लावायची. पट्ट्याचं माप नेहमी नक्षी वाळल्यानंतर कापा.

चुकीचा काप बुजवता येतो?

नाही. तिथे पान काढा.

तेल, रंग, पॉलिश?

नक्षी पूर्ण वाळू द्या, निदान एक रात्र. मग तेलाचा अगदी पातळ हात, कापडाने. परदेशात नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं) वापरतात. मी ऑलिव्ह तेल लावतो. खोबरेल थंडीत थिजतं आणि वर पांढुरकी साय धरू शकतं, म्हणून टाळतो. जास्त तेलाने चामडं लिबलिबीत होतं आणि उठावाच्या कडा बोथट दिसतात.

खाचांमध्ये गडद रंग बसवला की नक्षी उठून दिसते. त्यासाठीची खास पेस्ट महाग असते. डार्क टॅन बूटपॉलिश हेच काम करतं, पण आधी चामड्यावर पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिकचे दोन पातळ हात देऊन वाळवा, नाहीतर पॉलिश सगळीकडे सारखंच मुरेल आणि काळपट दिसेल. मग पॉलिश खाचांत भरायचं आणि वरचं लगेच सुती फडक्याने पुसायचं. पुन्हा एक पारदर्शक हात द्या, म्हणजे पांढऱ्या शर्टाला पट्ट्याचा रंग लागणार नाही.

काहीच करायचं नसेल तर तेल लावून तुकडा थोडा थोडा वेळ उन्हात ठेवा. व्हेज टॅन उन्हाने सुंदर मधाळ होतं.

पावसाळ्यात बुरशी येते.

येणारच, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. भिजवलेला तुकडा पिशवीत आठवडाभर विसरू नका. तयार वस्तू प्लॅस्टिकमध्ये न ठेवता कापडी पिशवीत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. आली तर कोरड्या फडक्याने गॅलरीत नेऊन पुसा आणि वारा लागू द्या.

काही महिने स्वस्त संचावर काढले. आता एकच चांगलं हत्यार घ्यायचं झालं तर?

चाकूचं पातं. अख्खा चाकूही नको, बऱ्याच चाकूंची पाती बदलता येतात. आधी आपल्या दांड्याच्या भोकाचं माप घ्या, कारण सगळ्या पात्यांच्या मागच्या काड्या एका जाडीच्या नसतात. मी तसंच केलं. दांडा अजून पहिल्याच संचातला आहे. बोट घसरू नये म्हणून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे, तीही आता दुसऱ्यांदा बदलायला आली आहे.